नुसते ओठ हलवा

ती. ताईस,

नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण कंबर धरली आहे. कारण पुढे येईल. कारण तूच आहेस.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा रक्तदाब? माझा वाढला आहे.

मी निवृत्त झालो तेव्हा तू म्हणालीस, रिकामा बसू नकोस, काहीतरी नवीन करून बघ, जगण्याला अर्थ सापडेल. आयुष्यभर मी बसस्थानकाच्या काचेच्या खोलीतून गाड्या पुकारल्या. माझ्या आवाजावर माणसे हातातला चहा टाकून पळत. तेव्हा अर्थ शोधावा लागत नव्हता. आता तिथे यंत्र बोलते आणि मी घरी बोलतो. तुझी भावजय म्हणते, "अहो, आपण जेवायला बसतोय हे सगळ्या इमारतीला कशाला कळवता?" मला घराबाहेर काढायचा हा तुम्हा दोघींचा कट होता, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

तर मडकी करायला गेलो. शिकवणारी पोरगी पुतणीच्या वयाची. चाकावर वाकवून म्हणाली, "काका, दाबू नका, मातीला वर येऊ द्या." माती वर आली, थेट तोंडावर आली. मी वाकलेलाच राहिलो. दोघांनी धरून सरळ केले. (मडके घरी आहे. त्यात काही ठेवता येत नाही, कारण त्याला आतली बाजू नाही.)

मग समूहगान. खरा राग याचा आहे. मी पहिली ओळ गायलो आणि मागच्या बाकावरच्या एक आजी पिशवी उचलून उठल्या. (त्यांना दोष देत नाही. सवय असते.) गाणे नदीवरचे होते. आमच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या, "काका, नदी आत्ता फलाटावरून सुटतेय असं वाटतं हो. तुम्ही नुसते ओठ हलवा." ताई, भोंगा बंद पडला तेव्हा ज्याने भर वादळात उघड्या तोंडाने गाड्या पुकारल्या, त्याने ओठ हलवायचे. हलवतो आहे. इतके छान हलवतो की मला पुढच्या रांगेत उभे केले आहे. शेजारी दातांचा डॉक्टर गातो आणि दाद मला मिळते. याला तू अर्थ म्हणतेस?

बाई मनाने वाईट नाहीत. कार्यक्रमाचे निवेदन कराल का, असे त्यांनी विचारले. नाही म्हणालो. ते मला येते.

यापुढे मला सल्ला देऊ नयेस. भाच्यांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. कार्यक्रम रविवारी संध्याकाळी आहे. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची धरली आहे. भावजय येत नाही. म्हणते, जन्मभर ऐकले, पुरे.

आणखी एक. शेवटच्या गाण्याची शेवटची ओळ मी आवाज काढून म्हणणार आहे. बाईंना विचारलेले नाही. मी तुझ्याकडे बघितले की मोठ्याने खोक, म्हणजे कुणाला कळणार नाही.

पाकीट चिकटवले होते, पुन्हा फोडले. खोकू नकोस.