पाहुण्याची भाकरी

माय,

आज दुपारी दुकान बंद ठेवलंय आणि शिलाई मशीनवरच कागद पसरून बसलेय. सकाळी दवाखान्यातून फोन आला, तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. माझं वजन डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात बसलं, माय. संभाजीनगरचे डॉक्टर म्हणाले, आता तुमची किडनी तुमच्या भावाला देता येईल, ऑपरेशनची तारीख कळवतो. फोन ठेवला तर कुकर शिट्टीवर शिट्टी देत होता. तो उतरवला आणि ओट्याला धरून हसत सुटले. तुझे जावई बाहेरून पळत आले, त्यांना वाटलं मला चटका बसला. तू असतीस तर आधी मीठमिरच्या ओवाळून टाकल्या असत्यास आणि मग विचारलं असतंस, काय झालं ते.

तू गेल्यानंतरचं तुला काही माहीत नाही, म्हणून सांगते. धाकट्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. बीपीचा त्रास अंगावर काढत राहिला, साखर कारखान्यातल्या पाळ्या कधी चुकवल्या नाहीत, आणि कळलं तेव्हा वेळ गेली होती. आता बीडला जाऊन मशीनवर रक्त साफ करून घेतो आणि परत आला की दिवसभर पडून असतो. त्याच्या बायकोचा रक्तगट जुळला नाही, माझा जुळला. मी एवढी हरखले की दवाखान्यातच पेढे वाटायला निघाले होते. तेवढ्यात डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "बाई, आधी वजन उतरवा. एवढ्या वजनावर तुमच्या पोटाला हात लावणं तुमच्याच जिवाला धोक्याचं आहे." म्हणजे धाकट्याचं जगणं माझ्या ताटात येऊन अडकलं होतं.

तेव्हा मला नांदूरघाटची आपली चूल आठवली. तू काठवटीत पीठ मळते आहेस, मी धाकट्याच्या ताटाकडे टक लावून बसले आहे आणि मोठ्यानं सांगते आहे, "माय, ही चवथी हाय त्याची." तुझा पिठाचा हात तसाच माझ्या पाठीत बसतो. "लेकराच्या भाकरी मोजती व्हय? मोजल्यानं बरकत जाती." झग्यावर पाच बोटं पांढरी उमटली होती आणि ती बघून धाकटा ठसका लागेपर्यंत हसला होता. त्या दिवसापासून मी कुणाचंच खाणं मोजलं नाही, स्वतःचं तर नाहीच नाही. इथं माजलगावात दिवसभर माझ्या गळ्यात टेप असते. बाई दारातून आत आली की तिचं माप मला नुसत्या नजरेनं कळतं, तरी टेप लावल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. जेवण मात्र सगळं अंदाजपंचे.

सुरुवातीला वजनही अंदाजानेच उतरवायला गेले. भाकरी पातळ थापली, भात नावाला घेतला, शेंगदाणे मूठभरच. महिन्यानं बघितलं तर काटा जागचा हलला नव्हता. दवाखान्यात आहाराच्या एक मॅडम आहेत, माझ्या लेकीच्या वयाची पोरगी. ती म्हणाली, "ताई, अंदाज नको. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणा आणि शिजवायच्या आधी सगळं तोला." आणला. आणि माय, काय गंमत सांगू, माझी मूठभर म्हणजे दोन माणसांची मूठ निघाली. ठेच्यावर सोडलेली तेलाची बारीक धार वाटीत धरली तर वाटीचा तळ दिसेना. पातळ भाकरी नुसती रुंद झाली होती, पीठ तेवढंच. भूक लागली की डोळे पोटाच्याच बाजूनं साक्ष देतात. मी चिडले, लाजले, आणि मग मला त्याचा नादच लागला. बेसन तोल, गूळ तोल, शेजारणीनं दिलेला लाडू तोल. जावई म्हणाले, आता मलाही तोलून घे एकदा. धाकट्याला हे कळलं तर त्यानं फोन केला, "आक्का, माझ्यापायी कावून उपाशी मरती? जाऊ दे की." मी म्हटलं, "उपाशी न्हाई, मोजून खाती. तू गप ऱ्हा, लई शाना होऊ नको."

वजन उतरायला लागलं. मग एक दिवस अडलं ते अडलंच. ताटात येणारा प्रत्येक घास तोललेला, तरी काटा हटून बसलेला. तिकडे धाकट्याचं तोंड सुजायला लागलं, पाय जड पडायला लागले, आणि त्याची बायको फोनवर आधी माझ्या काट्याचा आकडा विचारायची. मी मॅडमपुढे जाऊन रडले. ती म्हणाली, "रडू नका ताई. सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सगळं सांगा, खाण्याचंच असं नाही." मी सांगत गेले. उठते, अंगण झाडते, चहा ठेवते, पाहुण्याची भाकरी चहात कुस्करते, डबा करते.

"थांबा," ती म्हणाली. "पाहुणे रोज येतात तुमच्याकडे?"

"न्हाई ओ. रोज कोण येतंय."

"मग त्यांची भाकरी कोण खातं?"

"मीच खाती. रातची उरती ना. टाकायची कशी?"

"ती तोलता का?"

"ती कावून तोलू? ती माझी न्हाई."

हे तोंडातून निघालं आणि माझं मलाच कळलं. पोरगी ओठ दाबून हसू आवरत होती, मग दोघींनाही आवरेना. आपल्या घरात शेवटची भाकरी नेहमी पाहुण्याची. दारात कुणी आलं तर चूल विझलीय म्हणून उपाशी जाऊ नये, हा तुझा नेम. पाहुणा आला नाही तर सकाळी ती तूच खायचीस, चुलीपाशी, चहात बुडवून. तुझ्यामागं मीही तेच करत आले. माझं ताट निराळं आणि ती भाकरी निराळी, असंच माझ्या डोक्यात. इतकी वर्षं मी पाहुण्याच्या वाटणीचं वजन अंगावर वागवत होते आणि दोष माझ्या दोन भाकरींना देत होते.

ती भाकरी बंद करणं मला जमलं नाही. मी ती रोज करते, फक्त सकाळी तुझे जावई खातात. त्यांच्या दोन पँटी उसवून मोठ्या करून दिल्यात. माझा काटा मात्र त्याच आठवड्यात खाली सरकला. मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडलेही. तू कधी काही तोललं नाहीस आणि तरी सडपातळच राहिलीस, तर तुझा हात एवढा पक्का कसा? आता वाटतं, तुझ्या डब्यात पीठच बेताचं असायचं आणि सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते तुझं. माझा डबा भरलेला असतो, म्हणून मला काटा लागतो. यात तुझा अपमान नाही. बरकत गेली नाही, माय. उलट आली.

आज बातमी सांगायला धाकट्याला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारतो, "आक्का, तू जेवली का?" मी म्हटलं, न्हाई आजून. "मग आधी जेव," म्हणाला, "पोटभर जेव." त्याचा आवाज लहानपणी यायचा तसा आला आणि मी फोन ठेवला, नाहीतर दोघंही रडलो असतो. माझ्या आनंदाला आज खरंच माप नाही.

हा कागद मशीनच्या खणातच राहणार. तुला अक्षरओळख नव्हती, आणि हा धाकट्याच्या हाती पडलेला मला चालायचा नाही. सगळ्यांना मी सांगितलंय की मला ऑपरेशनची भीती वाटत नाही. दिवसा वाटतही नाही, आज तर नाहीच. पण संध्याकाळी भाकरी करता करता शेवटच्या भाकरीवर आले की मनात येतं, ऑपरेशनच्या टेबलावरून उठलेच नाही तर. तेव्हा मी काटा बाजूला सारते आणि तेवढ्या एका भाकरीचं पीठ तुझ्यासारखं मुठीनंच घेते. ती किती ग्रॅमची होते ते मी कधी बघितलेलं नाही.