कापून टाकलेला खोकला

माय, तुला जाऊन वीस वर्षं होत आली आणि एवढ्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आता लिहितोय ते लाज वाटतेय म्हणून. मी फिल्म बनवतो, हे तुला ठाऊक नाही. छोट्या, अर्ध्या तासाच्या. गेल्या वर्षी आपल्या भागातल्या खाण्यावर एक केली. ज्वारी, अंबाडी, घोळ, तांदूळजा, जे इथल्याच मातीत येतं आणि दुरून ट्रकनं आणावं लागत नाही, त्याबद्दल. विषय चांगला होता. मी मनापासून करत होतो.

वेरूळजवळच्या एका वस्तीत एक मावशी भेटल्या, साठी ओलांडलेल्या. त्यांच्या अंबाडीच्या भाजीच्या पहिल्याच घासाला तू आठवलीस. घरात गॅस होता, ओट्याला निळ्या फरशा, भिंतीवर स्टीलची मांडणी. कॅमेऱ्यात ते मला बरं दिसेना. मी म्हणालो, अंगणात चूल मांडू. "दादा, चूल सोडून लई वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "धूर सोसत नाय मला." एकच दिवस, मावशी, असं म्हणत मी त्यांना तयार केलं. त्यांच्या सुनेनं शेजारून मातीची भांडी मागून आणली. लाकडं ओलसर होती. मावशी भाकरी थापतायत, डोळ्यांतून पाणी गळतंय, मध्येच खोकत वाकतायत, आणि मी कॅमेऱ्यामागून सांगतोय, अजून एक, तव्यावर टाकताना पुन्हा एकदा. नंतर एडिटिंगला बसलो तेव्हा तो खोकला कापून टाकला आणि तिथं जात्याचा आवाज घातला.

हे तुझ्या मुलानं केलं, माय. पुंडलिकनगरच्या आपल्या दोन खोल्यांत गॅस आला त्या दिवशी तू शेगडीला हळदकुंकू लावलंस आणि सगळ्या गल्लीला चहा पाजलास. आठ दिवसांत मी ताट सरकवलं, गॅसवरच्या भाकरीला चव नाही म्हणून. तेरा वर्षांचा होतो, काही अगदी लहान नव्हतो. "जिभेचे एवढे लाड बरे नाय," एवढंच तू बोललीस. दुसऱ्या दिवशी मागच्या दारी चूल पुन्हा पेटली, फक्त माझ्या भाकरीसाठी. तुला दम लागायला लागला तरी पेटत राहिली, मी शिकायला बाहेर पडेपर्यंत. पुढं डॉक्टरांनी धुराचं नाव घेतलं तेव्हा तू माझ्याकडं बघितलं नाहीस, आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

फिल्म आपल्याच शहरातल्या एका सभागृहात दाखवली. नंतर चर्चा होती. चुलीची चव, हरवत चाललेलं अन्न, लोक भरभरून बोलत होते. मावशींना नवी साडी नेसवून सुनेनं आणलं होतं, त्यांना माझ्या शेजारी मंचावर बसवलं. एका मुलीनं विचारलं, तुम्ही अजून रोज चुलीवरच करता का? मावशींनी आधी माझ्याकडं पाहिलं. मी एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. मी पाण्याची बाटली उघडत बसलो.

"व्हय," मावशी म्हणाल्या, "चुलीवरच."

टाळ्या पडल्या.

त्यांना घरी सोडायला मीच गेलो. वाटेत म्हणालो, मावशी, खरं सांगायचं होतं तुम्ही. त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "एवढ्या माणसांत तुमची मान खाली गेली असती, दादा." घरी पोचल्यावर त्यांनी गॅसवर चहा ठेवला. मी तो प्यालो, कप खाली ठेवला आणि माफी न मागताच उठलो.

पुढच्या महिन्यात ती फिल्म पुण्यात दाखवणार आहेत. मी हो कळवलंय. हे सगळं खरं तर वेरूळला जाऊन मावशींसमोर बोलायला हवं. ते जमत नाही म्हणून तुला लिहीत बसलोय, कारण तू काही उलट विचारणार नाहीस.