सरळ घरी

४ सप्टेंबर
पोहोचले एकदाची! बोट, बस, मग पुरिंगमावशीची गाडी. सप्टेंबर लागला म्हणून मनिलाभर नाताळची गाणी सुरू झालीत. पुरिंगमावशी नव्या मुलींना सिनेमात उभं करतात आणि आपल्याच घरी ठेवून घेतात. माझं नावही त्यांनी बदललं. म्हणाल्या, पासिता हे काय नटीचं नाव झालं, आजपासून तू शेरी. स्वयंपाकीण बेबांग हळूच म्हणाली, आज पोटभर जेवून घे गं बाई, उद्यापासून तुझा भात बंद. नाताळला चार दिवस गावी सोडायचं मावशींनी कबूल केलंय. आईला तसं कळवलं.

२१ सप्टेंबर
दिग्दर्शक म्हणतात, ही पोर काय सुरेख रडते! मला रडायला फक्त आई आठवावी लागते. मावशींनी गोळ्या दिल्यात. पिवळी भूक मारायला, पांढरी झोपेला. सतरा वर्षांची असून म्हातारीसारखी झोपेची गोळी, म्हणून बेबांग चिडवते.

८ ऑक्टोबर
आज माझ्या मरणाचा प्रसंग होता. त्यासाठी खरंखुरं अंत्यसंस्कारगृह भाड्याने घेतलं होतं, पेटीही तिथलीच. झाकणाला आतून एक लांब ओरखडा आहे, तो मी पडल्या पडल्या बघत होते. काम संपल्यावर सगळे शेवया खायला गेले. मयताहून सरळ घरी गेलं की मेलेलं माणूस मागोमाग येतं, मध्ये कुठेतरी थांबलं की त्याची वाट चुकते. आई तर भूक नसतानाही पावाच्या दुकानात थांबायची. मीही निघाले, तर मावशी हसल्या. अगं, मढं तूच होतीस, तुझ्यामागे कोण येणार? गाडीत घातलं आणि सरळ घरी आणलं.

११ ऑक्टोबर
बेबांगने दोन ताटं मांडली. दुसरं कुणाचं म्हणून विचारलं तर म्हणाली, तुझ्याबरोबर आलेल्या मुलीचं. मी हसले. ती हसली नाही.

२३ ऑक्टोबर
न्हाऊन आले तर आरशापुढे ती बसलेली. पेटीतला पांढरा झगा, माझाच चेहरा. माझी पिवळी गोळी तिने गिळली. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. कशाचंच काही वाटत नाही हल्ली.

२ नोव्हेंबर
सकाळी गाडीचा भोंगा वाजला. ती उठून गेली. मी अंथरुणातच. संध्याकाळी मावशी तिची पाठ थोपटत होत्या. आज छान रडलीस म्हणे.
मी गेलेच नव्हते.

१७ नोव्हेंबर
आईचा फोन. तिनेच घेतला, माझ्याच आवाजात. नाताळला जमणार नाही म्हणाली. मी ओरडले— आवाज नाही. आई विचारत होती, जेवतेस ना गं?

३० नोव्हेंबर
ताट एकच. माझं नाही.

६ डिसेंबर
ती माझ्या अंथरुणात. उठत नाही. गोळ्यांची बाटली रिकामी. भोंगा वाजतोय— मावशी आधी चिडल्या, मग— बेबांगची किंकाळी—

डिसेंबर
तीच जागा. तीच पेटी. आतला ओरखडा ओळखला. फुलांवर शेरी लिहिलंय. आई आलीय. पासिता हे नाव कुठेय म्हणून विचारते आहे. मला गावी न्यायचं म्हणते. मावशी म्हणाल्या, पुरायचं इथेच, ठरलंय सगळं.

झालं. सगळे निघाले. आई एकटीच— रस्ता ओलांडून— सवयीने— पावाच्या दुकानाकडे—

आई, तुला भूक नाहीये. नको ना थांबूस. सरळ घरी चल. मी मागोमाग—