भूधरचे पाय

प्रिय सुधीर,

बाहेर हॉलमध्ये कॉम्प्युटर गेम बनवणारा तो पुण्याचा मुलगा बसलाय. परवानगीच्या सहीसाठी पेन आणते असं सांगून आत आले आणि तुलाच लिहायला बसले. तुला जाऊन तीन महिने झाले, तरी भांडायला मला तूच लागतोस!

त्यांना तुझा भूधर हवाय. तुझ्या कल्पनेतल्या बेटावरचा तो तीन मजली गवतखाऊ. पण पाय कसले? हरणाचे!

"अरे, पहिल्याच पावलाला कोसळेल हा," मी म्हटलं.

"आँटी, गेममध्ये कोण वजन करतंय?"

"मी करते. मुलींना प्राणिशास्त्र शिकवण्यात जन्म गेलाय माझा."

"पण काकांनीच असे काढलेत. ही बघा सही."

सही तुझीच होती रे. मी चूक दाखवूनही हेच दिलंस यांना?

हेच चित्र तू मला स्वयंपाकघरात दाखवलं होतंस, आठवतं? रसम ढवळता ढवळता मी म्हणाले, "प्राणी सगळ्या बाजूंनी दुप्पट केलास की वजन आठपट होतं, हाडाची ताकद मात्र चौपटच. आमच्या कॉन्व्हेंटच्या सातवीतल्या मुलीलाही कळतं हे!" तेही शेजारणीसमोर. तीन रविवार तू जेवायला आला नाहीस. मी फोन तरी करायचा होता! चौथ्या रविवारी आलास, जेवलास. चित्राचं नाव तूही काढलं नाहीस, मीही नाही.

आता तुझी फाइल उघडलीय. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातली तुझी शिस्त: जुना नकाशा फाडायचा नाही, कोपऱ्यात पुढचं अक्षर घालून नवा काढायचा. शेवटचं अक्षर तेवढं खरं. तू दवाखान्यात असताना या मुलाने प्रत काढून नेली ती 'ब'ची. देखणी दिसली म्हणून! तिच्यामागे 'क' आहे. खांबासारखे पाय, तळव्यांना चरबीची गादी, अंगातली उष्णता बाहेर टाकायला केवढाले कान! आणि कोपऱ्यात तुझं बारीक अक्षर: "फेरफाराचं कारण: अक्काचं बरोबर आहे."

मग तोंडाने सांगायला काय झालं होतं, गाढवा? आणि मी तरी का नाही विचारलं?

"आँटी, पेन मिळालं का?"

मिळालं. सही होईल ती 'क'वर. नको म्हणाला तर आल्या बसने टी. नगरमधल्या त्याच्या ऑफिसला परत जाईल आणि भूधर माझ्या कपाटात राहील. पण तुझं नाव लावून त्याला हरणाच्या पायांवर कोणी उभा करणार नाही. मी आहे तोवर नाही. वचन देते.

तुझी,
अक्का