साठचं यंत्र, पन्नासची वीज

२ जून

चि. धाकटीस, दादाचे अ. उ. आशीर्वाद.

आईसाठी तू परदेशातून धाडलेलं ऑक्सिजनचं यंत्र पोचलं. आई आल्यागेल्याला सांगते, लेकीनं श्वास पाठवलाय. मी जन्मभर दुकानात विजेच्या मोटारी दुरुस्त केल्या, मला कोण विचारतो!

पण यंत्राचा सूर मला उतरलेला वाटतो. तुमची वीज एकशेवीस व्होल्टची, आपली दोनशेतीस; ते मी ट्रान्सफॉर्मरनं जुळवलं. मात्र तुमची वीज सेकंदाला साठ वेळा हेलकावते, आपली पन्नास. तिथं ट्रान्सफॉर्मर काय करणार? मोटार रेंगाळते, तापते, हवा कमी पडते. काल आईची नखं निळी दिसली. भाड्यानं सिलिंडर आणतोय. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा दादा

१३ जून

ती. दादास, धाकटीचा शि. सा. नमस्कार.

दुकानदारानं खोक्यात अडॅप्टर टाकला आणि म्हणाला, कुठंही चालेल. पिन बसली की झालं, असं मला वाटलं. तुला विचारायचं होतं. पण म्हटलं, एक तरी गोष्ट दादाला न विचारता करावी.

सिलिंडर जरूर लाव, पण आईला कळू देऊ नकोस. मला रजा मिळत नाही. माझं म्हणून तिच्या उशाशी ते यंत्र तेवढंच आहे. वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी

२९ जून

चि. धाकटीस, अ. उ. आ.

फोनवर तुला ऐकवेना, मला बोलवेना, म्हणून लिहितो.

तू म्हणालीस तसंच केलं होतं. पडद्यामागे सिलिंडर, नाकात त्याची नळी, आणि उशाशी तुझं यंत्र नुसतं घरघरत ठेवलेलं. आई त्याच्याकडे तोंड करून झोपायची. तुझ्या वहिनीला ऐकवायची, की सूनबाई, तुझ्या नवऱ्याच्या दुकानात असलं काही मिळायचं नाही. नखं पुन्हा गुलाबी झाली होती.

परवा दुपारी मी दुकानात होतो. यंत्राची मोटार जळाली, घरघर थांबली. आईला वाटलं, हवाच थांबली. तिनं नळी उपसून फेकली आणि तोंड उघडून हवा ओढायला लागली. वहिनी ओरडून सांगत होती, की हवा सिलिंडरची आहे, ती चालूच आहे. आई म्हणाली, मला लहान पोरीसारखं फसवू नकोस. शेवटपर्यंत नळी लावू दिली नाही.

मी धावत पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. फरशीवर पडलेली नळी तेवढी सूं सूं करत होती.

जेवत जा. मायेत काही उणं नाही.

दादा