डाव्या बाजूने विचारलेलं

तारीख सतरा, गुरुवार, भर दुपार

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. मी मजेत आहे, तुम्हीही ठणठणीत असाल असं धरून चालतो. सहा वर्षांतलं हे पहिलं पत्र, त्यामुळे पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठी पडली असेल. अक्षर सुधारलेलं नाही. बाकीचं काय सुधारलं ते पुढे बघू.

हे कपडे धुवायच्या दुकानात बसून लिहितोय. भिंतीला ओळीने मशीनं आहेत, त्यातलं एक माझं. त्याची लय बरी आहे, पण दर तिसऱ्या ठोक्याला अडखळतं, एक पाय आखूड असावा. तुम्ही असता तर खाली पत्र्याची चकती सारून क्षणात सरळ केलं असतं. आता हे लिहिता लिहिता शेजारच्या बाईंनी कोपराने ढोसलं. "अहो, केव्हाचं थांबलंय तुमचं! घंटीसुद्धा वाजली, लक्ष कुठंय?" म्हटलं, पत्र लिहितोय. "मग घरी बसून लिहा की," म्हणाल्या आणि माझे ओले कपडे टोपलीत काढून ठेवले. तर आता मी टोपली मांडीवर घेऊन लिहितोय, कागद थोडा दमट लागेल.

आमचं बरं चाललंय. चौघं आहोत. गाणारी आहे, गिटारवाला आहे, जाड तारांची गिटार वाजवणारा लंबू आहे, आणि मागे मी. ड्रमवाल्याचं काम तुमच्यासारखंच. पुढच्यांना लोक बघतात, मागे कोणी ठोकत बसलंय याचं कोणाला काय. पण ठोका चुकला की चौघं पडतात. मी एवढी वर्षं वाजवतोय, पण हात अजून तुमच्या दुकानातलेच आहेत. पत्र्याच्या ट्रंकेची कड वळवताना तुम्ही दोन हलके मारून तिसरा जोरात मारायचात. आमच्या निम्म्या गाण्यांत तो ठोका आहे. लोक विचारतात, कुठं शिकलास? मी म्हणतो, ट्रंकेवर. त्यांना वाटतं गंमत करतोय.

काय सांगत होतो? हां, गेल्या रविवारचं. बागेत कार्यक्रम होता, स्वच्छ ऊन, पोरंबाळं गवतावर. आमच्या शेवटच्या गाण्यात गाणारी एक ओळ हळू म्हणते आणि तिथे सगळे थांबतात. सगळे थांबले. मी नाही थांबलो. मान खाली घालून एकटाच बडवत होतो. लोकांना वाटलं हा खास तुकडा आहे, टाळ्या सुरू. मला टाळ्याही नीट कळल्या नाहीत. शेवटी तिने मागे येऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा वर बघितलं.

नंतर लंबू म्हणाला, "राजा, मस्त होतं, पण पुढच्या वेळी आम्हालाही कळव." सगळे हसले. मीही हसलो. ती नाही हसली. म्हणाली, "मी तुला तीनदा हाक मारली." दुसऱ्या दिवशी ओढतच कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

त्यांनी एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर काहीतरी चढवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. उजव्या कानाचं झकास झालं. डाव्याचं सुरू झालं आणि काही येईचना. पण उजव्याच्या वेळी आवाज कसे येत होते ते मोजून ठेवलं होतं ना. एक, दोन, तीन, चार, दाब. बरोबर तालात दाबत राहिलो. बाईंनी दार उघडलं. "अहो, मी पाच मिनिटं आवाज बंद ठेवलाय. तुम्ही काय वाजवताय?"

आता सांगूनच टाकतो. डावा कान जवळजवळ गेला. ड्रमची छोटी झांज डाव्याच हाताला असते, सहा वर्षं तिथंच खणखणली. गेलेलं परत येत नाही म्हणतात. उजवा वाचवायचा असेल तर आधी दोन महिने काठ्या खाली ठेवायच्या, मग कानात बोळे घालून बघायचं. मला तीन दिवस बोटं आवरत नाहीत. ही टोपलीसुद्धा बडवतोय.

बाईंनी लिहून घेताना विचारलं, "घरात कोणाला असा त्रास?" मी म्हटलं, नाही. जिना उतरलो, रस्त्यावर आलो, आणि तो खांद्यावरचा हात आठवला. आई तुम्हाला जेवायला बोलवायची तेव्हा कधी हाक मारायची नाही. दुकानात यायची, तुमच्या खांद्याला हात लावायची, मग बोलायची. मला वाटायचं, लाडात येते. जेवायलाही ती कायम तुमच्या उजव्या हाताला बसायची. आणि गिऱ्हाइकाला तुम्ही म्हणायचात, "इकडून या, तिकडे पत्रा लागेल." डाव्या बाजूला पत्रा कधीच नसायचा, बाबा.

मी निघालो त्या सकाळी तुम्ही ट्रंकेची कड ठोकत होतात. मी पिशवी घेऊन दारात उभा होतो, तुमच्या डाव्या बाजूला. म्हटलं, "बाबा, बँडबरोबर चाललोय. जाऊ ना?" तुम्ही मान वर केली नाही. दोन हलके, एक जोरात. पुन्हा विचारलं. दोन हलके, एक जोरात. मी ठोके मोजत उभा राहिलो. म्हटलं, एवढा राग आहे तर असू दे, आणि निघालो.

पुढे ताई फोनवर म्हणाली, "बाबा म्हणतात, पोरगा न सांगता गेला." मी तिच्यावरच ओरडलो, खोटं बोलतात म्हणालो. तेव्हापासून तुम्ही तिथं घट्ट, मी इथं. आई असती तर तिने खांद्याला हात लावून दोघांनाही सांगितलं असतं. आता तुम्हाला जेवायला कोण बोलवतं?

आत्याच्या लग्नातली एक गोष्ट सांगायची होती, ती राहू दे, कागद संपत आलाय.

दोन महिने मला काम नाही. आता कागदावर विचारतो, म्हणजे कुठल्याही बाजूने वाचता येईल. बाबा, येऊ का? उत्तर लिहूनच पाठवा, मी फोन डाव्या कानाला धरतो, तिथं मला आता धड ऐकू येत नाही आणि तुम्हाला कधीच येत नव्हतं. एक शब्द पुरे. आलो तर तुमचाही कान दाखवून आणू. बटण मात्र मोजून दाबायचं नाही.

दुकानात उजवीकडून येईन. बोलायच्या आधी खांद्याला हात लावीन.

तुम्हाला दोनदा विचारून गेलेला,
तुमचा धाकटा