आठशे चाळीस ग्रॅम

प्रिय धाकटे,

काल फोनवर तू रडायला लागलीस आणि मी फोन ठेवून दिला. रागावली असशील, खुशाल रागाव. पत्र मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

बावीस वर्षं मी सरकारी कचेरीसाठी दुकानांतून किमती टिपते. तीच दुकानं, त्याच वस्तू, दर महिन्याचा तोच आठवडा. मला पाहिलं की कोपऱ्यावरचा दुकानदार नोकराला ओरडतो, "आल्या भाववाल्या बाई, पाट्या लपव रे!" लोक विचारतात, यात कसली आलीय अक्कल? पाटीवर एक किंमत, गल्ल्यावर दुसरी, हे तर आंधळ्यालाही कळेल. खरी बेरकी चोरी म्हणजे किंमत तीच आणि पाकीट हलकं. म्हणून तर पाकीट फळीवरून उचलायचं, उलटं करायचं, वजन वाचायचं आणि मगच लिहायचं. गुडघे कुरकुरले तरी खालच्या फळीशी वाकायचं. या कागदांवरून महागाईचा आकडा निघतो आणि त्या आकड्यावर कितीतरी घरांची पगारवाढ ठरते. ज्यांना आपण कधी पाहणार नाही, त्यांचा घास आपल्या पेन्सिलीच्या टोकावर असतो!

मंगळवारी धुण्याची पावडर उचलली. हजार ग्रॅम हवी, निघाली आठशे चाळीस. दुकानदार हसला. म्हणाला, "बाई, चार महिने झाले की! तुमची बहीण लांबूनच लिहून जायची. मला वाटलं, कचेरीलाही चालतंय."

चार महिने माझा पाय प्लॅस्टरमध्ये होता आणि माझी फेरी तू केलीस. त्याच कामावर तुला नोकरीत कायम करण्याची शिफारस झाली, पेढ्याऐवजी मिठी मारलीस मला. आणि आता म्हणतेस, ताई, वजन याच महिन्यात घटलं असं लिही, कुणाला कळणार आहे? आईही तुझ्याच बाजूने. "सख्ख्या बहिणीपेक्षा साबणाची पावडर मोठी झाली का गं तुला?" मी म्हटलं, आई, तुझं निवृत्तिवेतन याच पावडरीवर वाढतं.

नाही लिहिणार मी. साहेबांनी दटावलं तरी नाही, तू बोलणं टाकलंस तरी नाही.

चारही महिन्यांची दुरुस्ती मी तयार केली आहे. फेरी तुझी, हे त्यात लिहिलंय. तुला शिकवणारी मी आणि घरी बसून न तपासता खाली सही करणारीही मीच, हेसुद्धा लिहिलंय. सोमवारी सकाळी तो कागद साहेबांच्या टेबलावर असेल. तुझी नोकरी गेली तर माझ्या पगारात दोन घरं चालवीन, पण खोटं वजन चालवणार नाही. हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. माझ्या कागदाआधी तू स्वतः जाऊन सांगितलंस, तर मान वर करून सांगशील. शनिवारी कचेरी एक वाजेपर्यंत उघडी असते.

तुझीच, आणि कुणाचीही मिंधी नसलेली,
ताई